मोहरीच्या बरणीतली खसखस

सॅनेटोरियम, १४ नोव्हेंबर १९७८

चि. द्राहुश हिला, खोकल्यातून सवड काढून दादाचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टर म्हणतात वसंतापर्यंत फुप्फुसं वाळतील. मी त्यांना म्हटलं, तोवर मीही वाळेन. घर तुझ्या हवाली केलंय, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती उत्तरेच्या भिंतीपाशी वाळूच्या पेटीत ठेवलेल्या कुंड्यांची. त्यात डोंगरी खसखशीची रोपं आहेत, तुझ्या लिबुशे वहिनीच्या बियाण्याची. हे झाड दोन-तीन वर्षांचं पाहुणं, पुन्हा पुन्हा पेरावं लागतं. लग्नाच्या वर्षी तिने डोंगरावरच्या दगडगोट्यांतून चिमूटभर बी आणलं होतं. ती गेल्यावरही मी पेरणी चुकवली नाही. पण या उन्हाळ्यात मी अंथरुणाला खिळलो आणि वाफ्यातली मोठी झाडं सगळी गेली. आता काय त्या कुंड्याच.

त्यांच्यावर काच तिरकी ठेव, कडेने वारा खेळू दे, वर स्प्रूस झाडाच्या डहाळ्या घाल. कितीही गारठा पडला तरी घरात नेऊ नकोस. त्यांना थंडी मारत नाही, ओल आणि ऊब मारते. बर्फ पडला तर खुशाल पडू दे, तीच त्यांची गोधडी. आणि उगाच जीव टांगणीला लावू नकोस. दगाफटका झालाच तर फडताळात वरच्या फळीवर मोहरीच्या जुन्या बरणीत थोडं बी राखून ठेवलंय.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा कुंड्यांकडे वळव.
तुझा दादा, व्लास्तिमिल

१८ नोव्हेंबर

चि. हेडविकास, आईचे आशीर्वाद. छोट्याचा दात आला का? त्याला गार हवेत फार नेऊ नकोस.

पोरी, माझ्या हातून भलतंच होऊन बसलंय आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सेंट मार्टिनच्या सणाचे, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजून मामाला पाठवावेत म्हणून खसखस दळायला बसले, तर ती कमी पडली. परक्या घरचं फडताळ, मला काय ठाऊक! वरच्या फळीवर मोहरीच्या बरणीत खसखस दिसली. वर ना चिठ्ठी, ना नाव. चक्कीत ओतली सगळी. मनात म्हटलंसुद्धा, दुकानदाराने दादाला फसवलं, किती बारीक दाणा दिलाय! पार्सल टपालात पडलं आणि दुसऱ्या दिवशी मामाचं पत्र आलं. ते बी लिबुशे मामीचं होतं गं.

आता कुंड्यांतलं एक रोप जरी जगलं तरच मामाला तोंड दाखवता येईल. त्याला इतक्यात कळवत नाही. आधीच त्याला श्वास पुरत नाही. तूही बोलू नकोस.

आईवर राग धरू नकोस, ती स्वतःवर पुरेशी चिडलीय.
तुझी आई

२३ नोव्हेंबर

चि. द्राहुशला आशीर्वाद.

कोलाचे मिळाले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ आशाळभूतपणे बघत होते, पण मी त्यांना तुकडाही दिला नाही. नर्सबाई मला हावरट म्हणाल्या. म्हणोत बापड्या. बशीतले कणही बोटाने टिपून खाल्ले.

पहिला बर्फ घेऊन येणारा मार्टिनचा पांढरा घोडा यंदा कुठे अडकलाय कोण जाणे, इथेही बर्फ नाही. कुंड्यांचं लिहीत जा. बाकी काही लिहायची घाई नाही.

तुझं गोड खाऊन तृप्त झालेला,
दादा

३ जानेवारी १९७९

ती. दादास, गारठलेल्या द्राहुशचा सा. न. वि. वि.

असली थंडी मी जन्मात पाहिली नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी पाऊस पडत होता, लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होते. पाऊस वाऱ्याने आडवा येत होता, काचेला त्याने जुमानलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळं गोठलं. पेटीतली वाळू दगड झाली. वर बर्फाचा कण नाही, नुसती उघडी थंडी. गावात कोळसाही पुरेना.

कुंड्या घरात नेल्या नाहीत, तुझी शपथ. पण तूच म्हणालास ना, बर्फ म्हणजे गोधडी? बर्फ नाही तर नाही, वहिनीची पिसांची रजई काढली आणि घातली त्यांच्यावर. शेजारीण कुंपणावरून म्हणाली की मी माझ्या नवऱ्यालासुद्धा एवढ्या लाडाने कधी झोपवलं नाही. मला हसू आलं नाही. पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन रजई चाचपते. जगतील ना रे ती?

श्वास जपावा, आणि रागवायचं असेल तर हळू रागवावं.
तुझी द्राहुश

२० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. नंतर पडलेला बर्फ वितळला, रजई उचलली. ती पाणी पिऊन जड झाली होती. खाली सगळ्या कुंड्यांवर करडी बुरशी, आणि रोपांचा नुसता चिखल. एकही राहिलं नाही. काल मी त्यांना गोंजारत बसले होते, असं मेलेल्यांना गोंजारून काय होतं?

आणि आता दुसरंही ऐक. बरणीही नाही. ते बी मी मार्टिनच्या कोलाच्यांत दळलं, आणि तुलाच खाऊ घातलं. तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. लिबुशे वहिनीचं जे होतं ते सगळं मी संपवलं, दादा. मला बोल, पण बोलणं टाकू नकोस.

द्राहुश

२६ फेब्रुवारी

चि. द्राहुश, वेडाबाई, आधी डोळे पूस.

मला पहिल्याच घासाला कळलं होतं. इतकी वर्षं ते बी निवडलंय, दाताखाली आलं तर ओळखणार नाही? काही दाणे अख्खेच राहिले होते. म्हणून तर शेजाऱ्याला तुकडा दिला नाही. लिबुशेचं होतं ते, ते कुणाला कसं देऊ? खाताना रडलो, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. तुला लिहिलं नाही, कारण तू त्या कुंड्यांवर स्वतःच आडवी झाली असतीस.

आता नीट आठवून सांग. दाणा बारीक, म्हणजे चक्कीच्या दातांतून न दळता निसटणार, फटींत बसणार. चक्की कुठे धुतलीस? पाणी कुठे ओतलंस? या बियांना फुटायला आधी कडक थंडी लागते, आणि ती यंदा मिळालीय. पाणी ओतलंस तिथे झाडू लावू नकोस, खुरपं लावू नकोस, आणि देवाची आण घालून सांगतो, काही पांघरूण घालू नकोस.

माझं छातीचं चित्र निवळलंय. जूनमध्ये सोडतील म्हणतात.

आहेस तशी राहा, तेवढं मला पुरतं.
दादा

१९ मे

ती. दादास द्राहुशचा नमस्कार, वि. वि.

चक्की मी मागच्या दाराच्या पायरीवर धुतली होती आणि पाणी तिथेच लोटलं होतं. तुझं पत्र आल्यापासून त्या दगडांना हात लावला नाही. शेजारणीला वाटतं मी आळशी झाले. एप्रिलमध्ये फटीत काहीतरी हिरवट-करडं दिसलं, मला वाटलं तण असेल. तरी उपटलं नाही, मेला तुझा धाक. आता पानं झालरीसारखी कातरली आहेत, अगदी तू पूर्वी चित्रात दाखवली होतीस तशी. काल एका रोपाच्या मधोमध केसाळ, मान वाकवलेली कळी सापडली. मी तिथेच पायरीशेजारी बसून मोठ्याने रडले. तिला हात मात्र लावला नाही.

मागचं दार मी खिळे ठोकून बंद केलंय. घरी येशील तेव्हा पुढच्या दाराने ये.

लोभ असू द्यावा, पांघरूण नको.
तुझी द्राहुश