सात लाट्या झाकून ठेवल्या आहेत

पेण,
८ मे १९८८

चिरंजीव दिनानाथ यास (सुपरवायझर झालास म्हणून 'साहेब' लिहिणार होते, पण लहानपणी तुझं नाक पुसलेल्या हाताला ते जमेना),

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी रात्रपाळी संपली का? सीतेची कंबर कशी आहे? इकडे आम्ही खुशाल. तुझी शांती खुशाल. तिला मी रोह्याला पाठवणार नाही. बाकी सर्व क्षेम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमन दारात आणि आम्हा चौघी बायकांचे हात पापडाच्या पिठात. मग रीतीप्रमाणे शांतीने ते फोडलं आणि मोठ्याने वाचलं. दीड पानात आम्ही सात ठिकाणी अडलो. 'सर्वांगीण विकास' म्हणजे हौसाच्या मते तान्ह्या पोराला अंगभर तेल लावतात तो. 'अपेक्षित वाचनगती'पुढे बायजाबाईंनी हात टेकले. (असं घरात बोलतोस का रे? सीता जेवायला वाढते तरी का?)

आमच्या पडवीतली रीत तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. गेल्या उन्हाळ्यात पोरगी दोन महिने इथे होती, तेव्हाच ही रीत पडली. आम्ही लाटतो, शांती वाचते. पुस्तक, पंचांग, पुडीचा कागद, हाताला लागेल ते. पण न कळलेला शब्द गिळून पुढे जायचं नाही. तिथे थांबायचं, वाक्य परत वाचायचं, मागचं-पुढचं एकेक वाचायचं, मग सगळ्यांनी डोकं चालवायचं. तरी नाही उमगला तर त्या शब्दाच्या नावाने पापडाची एक लाटी ओल्या फडक्याखाली बाजूला काढायची. जो अर्थ आणील त्याने ती तेलात बुडवून खायची. कच्च्या लाटीसाठी तुझी लेक काय करत नाही! ग्रंथालयातल्या गुणाजीला गाठते, एस.टी.च्या कंडक्टरला गाठते, परवा दाढी अर्धी झालेल्या गिऱ्हाइकाला न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं. 'तटस्थ'साठी तीन दिवस वणवण केलीन. शेवटी हौसाने सोडवला: "भांडणात दोन्ही घरचा चहा पिते ती." लाटी हौसाने खाल्ली. 'विरह' आला तेव्हा मात्र जुबेदा (तिचा सुलेमान सहा वर्षं कुवेतला आहे) पोळपाटावरून नजर न काढता म्हणाली, "याला लाटी नको. पुढं वाच गो." शांतीने पुढं वाचलं.

आता तुझ्या त्या हेडमास्तरांचं. घड्याळ लावून पोरीला वाचायला उभं केलं. तिसऱ्या ओळीत 'आच्छादित' आला. ही थांबली, अर्थ विचारलान. ते म्हणाले, पुढे चल. ही म्हणाली, मग लाटी काढून ठेवा. एवढ्यात मिनिट संपलं आणि पोरगी नापास! मी तिथे असते तर कोण नापास झालं ते त्यांना सांगितलं असतं.

आणि जलद वाचनाचं कौतुक तू मला सांगतोस? तू जलदच वाचायचास. निडी गावच्या लग्नाची पत्रिका बाबांना तूच वाचून दाखवलीस, एका दमात. 'वैशाख वद्य पंचमी'तला 'वद्य' कळला नाही म्हणून गिळलास. बाबांनी शुद्ध पंचमी धरली. गागोद्याहून बैलगाडी जुंपून, नवी लुगडी नेसून, मांडीवर आहेर घेऊन आम्ही पंधरा दिवस आधी हजर. नवरीचा बाप पंचा नेसून बैल धूत होता. माणसं भली, पिठलं-भात करून वाढला. आई तर वर्षभर निडीचं नाव निघालं की पदर तोंडावर घ्यायची. त्या दिवशी घरात कोणी तुला "थांब, हा शब्द काय?" म्हणणारं असतं तर एवढी शोभा झाली नसती.

तेव्हा शांती जून लागेपर्यंत इथेच राहील. नापास पोरांचा तुझा तो उन्हाळी वर्ग, ते घड्याळ आणि ते हेडमास्तर रोह्यालाच नांदोत. रागाव, बोलू नकोस, मी बधायची नाही.

तुझी,
कृष्णाबाई

ता. क. : बाप तू आहेस, हे मलाही कळतं. न्यायचीच असेल तर येत्या रविवारी ये. वडखळला गाडी थांबली की चहाने घसा ओला करून घे, कारण पडवीत बसून तुझं पत्र तुला आम्हाला वाचून दाखवायचं आहे. अडलेले सातही शब्द आम्हाला कळतील असे सांग, सातही लाट्या खा आणि खुशाल पोरगी घेऊन जा. फडकं मी रोज ओलं करते आहे.

आणखी एक : सात लिहिल्या, पण लाट्या आठ आहेत. 'मुलगी मंद आहे' असं तू लिहिलं आहेस. तेही तिनेच वाचलं, मोठ्याने, कारण माझे हात पिठात होते. 'मंद'वर ती थांबली नाही. हौसाने विचारलं, "याला लाटी नाय का गो?" तर मान खाली घालून म्हणाली, "याला नको." आणि पुढं वाचायला लागली.

ती आठवी मी काढून ठेवली आहे. रविवारी आलास की आधी तिचा अर्थ सांग, दिनू. मला नाही, तिला.