बार्सिलोना सोडून कुठंही

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. ऑक्टोबरात बायकोला घेऊन युरोपची क्रूझ. लग्नाला पस्तीस वर्षं होतील आणि संयोगितानं गणपतीपुळ्यापलीकडचा समुद्र पाहिलेला नाही. सीझन संपताना जहाजं स्वस्त असतात. बंदरं मीच निवडणार. दूध संघात अठ्ठावीस वर्षं टँकरचे रूट आखले. कुठं थांबायचं, कोणतं गाव गाळायचं, हे माझ्याइतकं कॅप्टनलाही कळत नसेल.
संयोगिताला सांगितलं. तिनं एकच विचारलं, त्यात बार्सिलोना असंल न्हवं? मी चहा मागितला.

१० फेब्रुवारी, सोमवार
राजारामपुरीत ओळखीतल्या राजवीरच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेलो. पाच स्वस्त पॅकेजं दाखवली. पाचही बार्सिलोनाला थांबतात. मी म्हटलं, बार्सिलोना सोडून कुठंही चालेल. तो म्हणाला, काका, स्वस्तबी पायजे आणि बार्सिलोनाबी नको, मग रंकाळ्यातच बोटिंग करा की. पोरगं आगाऊ आहे.
कारणं लिहून ठेवतो. तिथं गर्दी फार. पाकीटमार फार, व्हिडिओ पाहिला. अनुजा तिथं राहते, त्याचा काही संबंध नाही.

११ फेब्रुवारी
अनुजाबद्दल एकदाच लिहितो, मग विषय बंद. मुलगी माझी. एकुलती. सहा वर्षांपूर्वी प्रसेनजीतशी रजिस्टर लग्न केलं. तो बौद्ध, इंजिनिअर, वागायला सभ्य. मी जातपात मानत नाही. मला विचारलं नाही, याचाच राग आला. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, ती गोष्ट वेगळी. तो भेटायला आला तेव्हा खाली पार्किंगमध्येच बोललो. वर रंगकाम चालू होतं. म्हणजे काढायचा विचार होता.

१९ फेब्रुवारी
नेपल्स बाद, शेजारी ज्वालामुखी. मार्सेल आवडलं होतं, पण तिथून जहाज सरळ बार्सिलोनाला जातं. आता ग्रीसकडं बघतो.
संयोगिता डिंकाचे लाडू करत होती. थंडी संपल्यावर कशाला म्हटलं, तर म्हणाली, लागत्यात. डेकवर वारा असतो, त्याची तयारी असणार. ऑक्टोबरपर्यंत टिकतील का, शंका आहे.

१ मार्च, शनिवार
संयोगिता जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवतेय. हातभर लांबीची. डेकवर बसल्यावर गुडघ्यांवर घ्यायला बरी. पण सहा शिवली. आम्ही तर दोघंच.
काहीतरी चुकतंय असं वाटलं. थोडा वेळ वाटू दिलं, मग पेपर वाचला.

८ मार्च
संयोगिता एकटीच पुण्याला जाऊन आली. कुणाचंतरी लग्न म्हणाली. अहेर नेला नाही, फाइल नेली. आल्यावर मला कुकर लावायला शिकवला. पिठलंही. जहाजावर पिठलं कोण करू देणार, असं मी म्हणालो. ती हसली नाही.
फोनवर हळू बोलते आणि मी आलो की ठेवते. हल्ली मी चपला वाजवत खोलीत जातो. आपल्याच घरात.

१४ मार्च
आज उगाच शाहूवाडीच्या रूटवरचं एक गाव आठवलं. दुधात पाणी सापडलं म्हणून मी रूटमधून गाळलं होतं. नंतर कळलं, चूक आमच्या मशीनची होती. महिन्यानं टँकर परत पाठवला. ड्रायव्हर अर्धा तास हॉर्न वाजवत राहिला. कॅन घेऊन कुणीच आलं नाही.
झोप नीट होत नाही. पित्त असावं.

२२ मार्च, शनिवार
जमलं. बारी, कोटोर, कोर्फू, पिरियस. एकही नको असलेलं बंदर नाही. बुकिंग केलं. राजवीर माझ्याकडं न बघता म्हणाला, काका, घरात इचारलंय न्हवं? मी म्हटलं, सरप्राइज आहे.
घरी आलो तर बॅग दारात. संयोगिता नवी चप्पल घालून खुर्चीत बसली होती. म्हणाली, अनुजाला सातवा महिना हाय. बीपी लई वाढलंय, काल ॲडमिट केलंय. व्हिसा पुण्यात काढलाय. पुढच्या महिन्यात जायचं होतं, राजवीरनं तिकीट अलीकडं घेतलं. पयलं बाळंतपण माहेरात करत्यात. तिला माहेर न्हाय, म्हणून मीच निघालोय.
मग म्हणाली, एकदाच इचारतो, येताय का मागनं?
मी म्हटलं, मला व्हिसा नाही.
ती म्हणाली, व्हिसाचं न्हाय इचारलं.

२३ मार्च
नाटक आहे. मुंबईपर्यंत जाईल आणि परत येईल. भाजी जास्तीची आणली.

२५ मार्च
भाजी टाकली.

२७ मार्च, गुरुवार
राजवीरचा फोन. संयोगितानं त्याला कळवलं. मुलगी झाली. वजन दीड किलोसुद्धा नाही, काचेच्या पेटीत ठेवलीय. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. मी विचारलं, कुणाला झाली? मला माहीत होतं.
अनुजा जन्मली तेव्हा पावणेतीन किलो होती. मीच काट्यावर दोनदा वजन बघितलं होतं. आज दिवसभर काही केलं नाही. भीती वाटते.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५
ठरवलं. राजवीरकडं जाऊन पॅकेज बदललं. जहाज बार्सिलोनाला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबतं. दहा तास, चहापाण्याला भरपूर. मग संयोगिताला फोन लावला. म्हणाली, पोरगी पेटीतच हाय, पण आज डोळं उघडलं. मी दहा तासांचं सांगितलं आणि विचारलं, येऊ का? ती म्हणाली, मला काय इचारताय, घर प्रसेनजीतचं हाय. त्याला फोन देतो.
तो आला. आवाज दमलेला. म्हणाला, मामा, बोला की.
आमच्याकडं जावई सासऱ्याला मामाच म्हणतो. मी वाक्य पाठ केलं होतं. तो म्हणाला, मामा, ऐकू येतंय न्हवं? येत होतं, अगदी स्पष्ट. माझा अंगठा लाल बटणावर गेला.
नेटवर्क गेलं, असं सांगेन. तिकडून दोनदा रिंग आली, वाजू दिली. आधी काय बोलायचं ते नीट लिहून काढतो, मग लावतो.

५.५०
‘प्रिय प्रसेनजीत’ लिहिलं. ‘प्रिय’ खोडलं. परत लिहिलं.

७.१५
एवढंच झालंय. फोन आता वाजत नाही.