मी पाडलेला उजेड

ती. मावशीस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ आलो तर आशीर्वादाआधी तू कान धरशील.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा घसा? माझी प्रकृती उत्तम. फक्त अन्न गोड लागत नाही. कारण पुढे येईलच.

प्राध्यापकांशी वाजल्यावर कॉलेजला लाथ मारून मी औषधांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुतो, हे तुला ठाऊकच. तिथे एक संशोधक बाई आहेत. (बाई म्हणायचं ते साहेबांसमोर, मनात मी कधीच एकेरीवर आलोय.) ती बुरश्या पाळते. एखाद्या बुरशीतलं विकर (म्हणजे एन्झाइम) औषध बनवण्यातली अवघड पायरी चुटकीसरशी उरकतं म्हणे. ते हुडकायला ती बशीत एक रसायन टाकते. विकर असलं तर ते रसायन तोडतं, आणि तुकडा जांभळ्या दिव्याखाली चमकतो. नसलं तर अंधार, माझ्या भविष्यासारखा.

आता तिच्या बशा साध्या साबणाने धुवायला मन होईना. तू दिलेली, कपडे पांढरेशुभ्र करणारी पावडर काढली आणि जीव ओतून घासल्या. दुसऱ्या दिवशी दिवा लावला तर सगळ्याच बशा लखलख! साहेब नाचायचेच बाकी होते. इतक्यात तिने बुरशी न घातलेली कोरी बशी पाहिली, तीही लखलख. मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. त्याच पावडरीने धुतलेला माझा शर्ट अंधारात निळा पेटला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर छातीवर पडलं होतं!

"काय उजेड पाडलास रे!" साहेब म्हणाले.

बशा पुन्हा धुतल्या, प्रयोग पुन्हा झाला. या वेळी एकच बशी चमकली: तू बांधून दिलेल्या पावावरच्या बुरशीची! (खाल्ला नव्हता, रागावू नकोस. डब्यात बुरशी धरली, ती तिने गंमत म्हणून बशीत लावली आणि पाव फेकला.) बाई हसल्या, चक्क माझ्याकडे बघून. तेवढ्यात त्यांचा चष्मेवाला मदतनीस म्हणाला, "चला, घराण्यात कुणीतरी हुशार निघालं." माझं डोकं सटकलं. हाताला लागतील त्या बशा तणतणत घासून काढल्या. ती चमकलेलीसुद्धा. त्या बुरशीची दुसरी बशी नव्हती.

म्हणून मी प्रेम आणि राग दोन्ही सोडलेत. बाकी क्षेम.

तुझा तापट भाचा

ता. क. तुझ्या ओल आलेल्या फडताळात त्या पावाचा उरलेला अर्धा असेल. माझ्या गळ्याची शपथ, टाकू नकोस. फडताळही पुसू नकोस! ती बुरशी मिळाली नाही तर साहेब मला काढणार. रविवारी नमुना घ्यायला ती स्वतः येतेय, माझ्याबरोबर.

ता. क. २: चष्मेवालाही येणार म्हणतो. त्याला काकांशेजारी बसव, आणि काकांना घशाची हकीकत पहिल्यापासून सांगायला लाव.