टाका म्हणजे टाका

उल्हासनगर, कॅम्प ५

प्रिय भावनाताईस,

धाकट्या प्रमोदचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा बदलापूरचे जिने चढू देतो ना? भावजींनी साखर सोडली की अजून नुसतीच लपवून खातात? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे. बिघडलोय तो मी.

तुला माहीतच आहे, जगभरचे लोक हौसेने बनवतात आणि कुणालाही फुकट वापरू देतात, त्या मुक्त सॉफ्टवेअरचं मला वेड आहे. (खालच्या दुकानदाराला 'ओपन' म्हणजे काय ते समजावलं, तर म्हणाला, "खुला माल? फिर तो मिलावट होगी.") सामान्य माणसाला ते सोपं जावं म्हणून त्याच्या मराठीकरणाचा भार मी उचलला. कुणी सांगितलं नव्हतं, हे वेगळं. आणि पहिला सामान्य माणूस म्हणून घरातली आई धरली. बुद्धपौर्णिमेला विहारात तिच्या गाण्यांची पुस्तिका वाटायची आहे, म्हणून ती रोज दुपारी एकेक गाणं टाइप करू लागली. माझी छाती फुगली.

काम संपवून बाहेर पडताना ते सॉफ्टवेअर विचारतं, लिहिलेलं ठेवायचं की फेकायचं. फेकायच्या बटणावर मी आधी 'टाकून द्या' लिहिलं होतं, पण बटण पडलं लहान, म्हणून कातरून नुसतं 'टाका' केलं. शेजारी 'जतन करा' होतंच. आईने विचार केला, जतन काय करायचंय, पुस्तकात टाकायचंय! आणि रोज मन लावून 'टाका' दाबलं.

हे कळलं कुठे, तर अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या छापखान्यात. छापखान्याच्या कोंडाजींनी माझा पेनड्राइव्ह उघडून पाहिला आणि अदबीने विचारलं, "साहेब, कोरी वही छापायची आहे का?"

घरी येऊन मी आईवर चिडलो (होय, वर मीच चिडलो). ती म्हणाली, "भाजीत मीठ टाकतात ते फेकायला का रे? पोस्टात पत्र टाकतात ते?" मग ती हळूच म्हणाली, "आता कुठली आठवायला ती गाणी." ताई, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

भावजींना जयभीम.

तुझा,
प्रमोद

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. आई तुला फोनवर प्रत्येक नवं गाणं म्हणून दाखवायची ना? आठवतील तेवढी लिहून माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. मी तिला सांगितलंय की गाणी कॉम्प्युटरमधून परत काढतोय. फोनवर बोललो असतो, पण घरी आपली खोली एकच, ती ऐकेल; आणि ऑफिसात साहेब ऐकतील. पत्र तिच्याकडेच देतोय पोस्टात टाकायला. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही.

भावना, पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. मला सगळी गाणी पाठ आहेत. त्याला सांगू नको. पूर्वी कामावरून आला की त्या मशीनकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ. आता रोज जवळ बसतो, विचारतो, आई हे बटण कळतं का, ते कळतं का. बरं वाटतं गं. पौर्णिमा जवळ आली की मी आठवल्यासारखं करीन.

— आई