कपाटातला व्हिडिओ

दि. ७ फेब्रुवारी

चि. बारक्या,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी फोन उचलला की अण्णा वर्तमानपत्र घेऊन माझ्या पाठीशी येऊन बसतात आणि पान काही उलटत नाहीत. आपल्या वडिलांचे कान ठणठणीत आहेत. बिघडलेत ते पाय.

जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवलेला माणूस आता घरात पायांकडे बघत चालतो. पाय दाणकन आपटतो, भिंत धरतो. परवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बेसिनपाशीच कोसळले. लागलं नाही, पण आता मी बेसिनपाशी खुर्ची ठेवलीय. सर्जन म्हणतात मणका दबलाय, मार्चअखेर ऑपरेशन करू. मला ते पटत नाही, पण मी पडले लहान मुलांची डॉक्टर, माझं कोण ऐकतंय! या वयात मणक्याला हात लावला आणि अण्णा अंथरुणालाच खिळले तर?

म्हणून शोधत बसले. तू नोकरी करतोस त्याच वैद्यकीय नियतकालिकात एक लेख सापडला. रक्तातलं तांबं कमी झाल्यामुळे एका म्हाताऱ्या गृहस्थांची चाल बिघडली, त्याबद्दल. सारांश वाचून ताडकन उभी राहिले, पण पुढे कुलूप! आमच्या रुग्णालयाला वर्गणी परवडत नाही, आमची सगळी भिस्त इंटरनेटवरच्या त्या फुकट वैद्यकीय संग्रहावर. तिथे तुमचे बाकीचे लेख आहेत, नेमका हाच नाही. तिथे लेख पाठवायचं काम तुझंच ना रे? मग हा कुठे दडून बसलाय?

जेवणाची आबाळ करू नकोस. लेख पाठव आणि माझे जास्तीचे आशीर्वाद वसूल कर.

तुझी,
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णा पडल्याचं वाचून फोन उचलला, मग त्यांचे कान आठवून ठेवला. आणि हे मला आठवडाभराने कळतंय! असो, भांडण नंतर.

आमचा अंक निघाला की मी प्रत्येक लेखाचं गाठोडं बांधतो. मजकुरात संगणकाला कळतील अशा खुणा घालायच्या, चित्रं वेगळी, छापील पानं वेगळी, आणि सगळं संग्रहाकडे रवाना. तिथले तपासनीस महा खट. लेखात पाच आकृत्या म्हटल्या आणि गाठोड्यात चारच निघाल्या, की अख्खं गाठोडं साभार परत. तुझा लेख असाच परत आलाय. ‘चाल व्हिडिओत पाहावी’ असं त्यात छापलंय, आणि गाठोड्यात व्हिडिओच नाही.

कारण आमचे संपादक. त्यांचा शिरस्ता असा की व्हिडिओ म्हणजे लेख नव्हे. तो त्यांच्या खोलीतल्या कपाटात राहणार, हवा त्याने रीतसर विनंती करावी. आजवर एकाचीही विनंती आलेली नाही, म्हणून पद्धत उत्तम चाललीय असं त्यांचं मत. मी विषय काढला की ते चहा मागवतात.

या खेपेला मी चहा येऊ दिला आणि तुझं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग वडील अंधारात जास्त अडखळतात का, असं विचारलं आणि माझं उत्तर येण्याआधीच किल्ली काढून दिली. पेशंटची लेखी संमतीसुद्धा व्हिडिओच्या डिस्कलाच टाचलेली होती गं! म्हणजे अडचण अशी नव्हतीच. गाठोडं नव्याने बांधून पाठवलंय, थोड्या दिवसांत संग्रहात दिसेल.

तोवर संपादकांच्या परवानगीने छापील लेख सोबत जोडतोय. त्या गृहस्थांचं कारण निघालं कवळी चिकटवायची पेस्ट. काही पेस्टमध्ये जस्त असतं. ते पोटात फार गेलं की अंगाला तांबं मिळू देत नाही, आणि मग पाय कुठे पडतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. अण्णा लावतात का काही?

माया आहेच, बातम्या मात्र ताज्या पाठवत जा.

तुझा,
बारक्या

दि. ९ मार्च

चि. बारक्या,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी खरोखरच जास्तीचे.

पेस्टचं विचारलं तर अण्णांनी कानांवर हात ठेवले. वाटाण्याएवढी लावतो, तीही कधीमधी, म्हणाले. रक्त द्यायलाही साफ नकार. कवळीचा विषय निघाला की ते कसे फिस्कटतात, तुला ठाऊक आहेच. सर्जनांनीही लेख चाळून परत दिला. मी अगदी हिरमुसले.

मग लेख संग्रहात आला. मी व्हिडिओ लावला, तर अण्णा सवयीप्रमाणे पाठीशी हजर. पडद्यावर एक गृहस्थ, पायांकडे बघत, पाय आपटत, भिंत चाचपत. अण्णांनी पुन्हा लावायला सांगितला. कवायतीच्या मास्तरांची नजर ती! हा तर मीच चालतोय, म्हणाले, आणि उठून गेले. आले ते पेस्टच्या रिकाम्या नळ्या ओंजळीत घेऊन. बुटांत, उशीच्या अभ्र्यात, कुठे कुठे लपवल्या होत्या! कवळी केव्हाची सैल झालीय. एकदा जुन्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना ती घसरली, तेव्हापासून भीतीने थापत होते. मला सांगायची लाज वाटली म्हणे. मला, बारक्या! मी रागावणार होते, पण त्यांनी आपण होऊन बाही वर केली आणि माझा राग गेला.

रिपोर्ट आला. तांबं तळाला, जस्त आभाळाला. सर्जनांनी व्हिडिओ बघितला आणि स्वतःच ऑपरेशन रद्द केलं. पेस्ट बंद, औषध सुरू. पाय पूर्ण सुधारतील असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण आता बिघडत जाणार नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. सुटलो रे आपण!

संपादकांना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर जीव आहे, तो आता आणखी जडला.

तुझी,
ताई

दि. २१ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझी ताई माझ्याबद्दल पाठीमागे काय काय लिहिते, ते मला ठाऊक आहे. पाठीमागे मीच असतो.

नवी कवळी घट्ट बसते. बोटांना अजून मुंग्या येतात, पण पाय जमिनीला लागला की लागला हे आता कळतं. त्या व्हिडिओतल्या गृहस्थांना मी ओळखत नाही. लोकांसमोर तसं चालून दाखवायला ते लाजले नाहीत, म्हणून मी वाचलो. तुमच्या संपादकांना म्हणावं, कपाट उघडंच ठेवा.

सुट्टी काढून ये. घर तुझी वाट बघतंय, मीही.

तुझे,
अण्णा

ता. क. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. ताई सोबत येत होती, तिला घरीच बसवली. इथवर पेटीकडे बघत आलो. पायांकडे नाही.