कापलेले दशांश

१२ मार्च १९८५

चुकलंय! बोगद्यातल्या मोजणीच्या खुणांची माळ हिशोबात जिथून निघाली तिथेच परत यायला हवी — आली नाही. दोनदा तपासलं.

खाणीच्या मोजणीला घरचा, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर वापरायची हौस माझीच. जुना प्रोग्राम नऊ तास घ्यायचा, नवा चाळीस मिनिटांत उरकतो! मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. पण वेगापायी हा सातच अंक धरतो. आमचे आकडे फुटांत, वीस लाखांच्या घरातले — दशांशाला जागाच उरत नाही, कापून टाकतो. दर खुणेला चार-पाच इंच. नव्वद खुणा. सगळं एकाच बाजूला.

आणि मी सही करून दिलंय : पाण्यानं भरलेली जुनी खाण आमच्या बोगद्यापासून अठरा मीटर दूर आहे. दादा मुकादम; त्याची पाळी त्याच दिशेनं खोदतेय.

१३ मार्च

सकाळी सातला जुना, सगळे दशांश धरणारा प्रोग्राम लावला. मग साहेबांकडे. “आकडा आणा बाई, मग बोला. शंका आली म्हणून काम बंद करत नाहीत.”

आकडा चार वाजता येणार!

अकरा. पडद्यावर नुसता चौकोन लुकलुकतोय. वहिनीचा फोन — “ह्यांचा चष्मा घरीच राहिलाय, सांगाल का?” हो म्हटलं. दुसरं काय सांगू तिला?

बारा. नाही बसवत. जाते.

१४ मार्च

काल दादा जेवायला वर आला तेव्हा गाठलं. “थांबव काम.”

“किती उरलंय?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणून थांबवू? साहेब कच्चा खाईल मला.”

मी रडले. सगळ्यांसमोर, हमसून. तो मग म्हणाला, “बरं. माणसं वर घेतो.”

साहेबांनी दोघांनाही घरी बसवलं.

परतले तर उत्तर तयार : सात मीटर. नियम पाच मीटर अंतर राखायचा. म्हणजे अजून दोन मीटर खोदायला मोकळीक होती! उगाच बुडवलं दादाला. वहिनीला कोणत्या तोंडानं भेटू?

१६ मार्च

दादाच्या शब्दाखातर दुसऱ्या मुकादमानं खोदण्याआधी ड्रिलनं भोक पाडून पाहिलं. दीड मीटरवर पाणी!

जुन्या खाणीचा नकाशाच चुकीचा होता. माझं सात बिनचूक — नकाशापुरतं. चारपर्यंत थांबले असते, तर सात मीटरचा तोच कागद साहेबांना नेऊन दिला असता.