उंटाने वजीर घेण्याआधी

लिहून ठेवणारा मी, धंद्याने लाकूड कातणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हा कागद लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी पत्नी म्हणाली, "अहो, मला इतक्या वर्षांत जे पटलं नाही, ते त्यांना दहा मिनिटांत कसं पटलं?" हेही नोंदवून ठेवतो.

याआधीचे माझे सर्व मसुदे, पाठकोऱ्या कागदांवरचेसुद्धा, रद्द समजावेत. गेल्या महिन्यातला तर नक्कीच. त्याची हकीकत कलम पाचमध्ये येईल.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या पत्नीस. तिच्यामागे ते सर्व आमच्या एकुलत्या एक मुलीस. यात कुणी शहाणपणा करू नये.

कलम २. लेथ, सर्व पटाश्या आणि धारेचा दगड माझ्या पुतण्यास. त्याचे फर्निचरचे दुकान आहे, हात चांगला आहे, पण धार लावताना गडी घाई करतो. बाबा रे, बोथट पटाशी लाकूड फाडते आणि मग तू लाकडाला शिव्या देतोस. बुद्धिबळातल्या घोड्याची मान कातकामात होत नाही, ती हाताने कोरावी लागते. मला ते कुणी शिकवले नाही. पहिले चाळीस घोडे गाढवासारखेच झाले. ते एका खोक्यात आहेत. टाकू नकोस. हताश वाटेल तेव्हा काढून बघ.

कलम ३. प्रवासाचा छोटा पट माझा मित्र चष्मेवाला यास. एकतीस वर्षांपूर्वी त्याने हत्ती उचलला, चाल चुकतेय हे दिसल्यावर परत ठेवला आणि "मी नुसता सरळ करत होतो" असे तोंड वर करून सांगितले. सोंगटीला हात लागला की ती खेळायची, हा नियम त्याला माझ्याइतकाच पाठ आहे. या पटाच्या सोंगट्यांना खाली खुंट्या आहेत. त्या आपोआप सरळ उभ्या राहतात. तरी मी त्याला माफ केले आहे, कारण कलम पाचमध्ये त्याने मला वाचवले.

कलम ४. चुकांची वही. माझ्या दुकानावर एक खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी आम्ही बुद्धिबळ खेळतो. आमची रीत अशी: ज्याने डोळ्यांदेखत सोंगटी फुकट घालवली, त्याने डाव संपल्यावर वहीत स्वतःच्या अक्षरात चूक लिहायची आणि तेव्हा मनात काय चालले होते तेही लिहायचे. बहाणे चालत नाहीत. आमच्यातल्या तिकीट तपासनिसाने लिहिले आहे, "जिंकत होतो, म्हणून बघितलंच नाही." डॉक्टरीणबाईंनी, "आधीच्या चुकीचा राग दुसऱ्या चालीवर काढला." चष्मेवाल्याने, "चूक नाही, उजेड कमी होता." ते मी खोडले आहे.

बावीस वर्षांच्या नोंदी वाचून मला एवढेच कळले की माणूस अवघड जागी फारसा चुकत नाही. तिथे तो जागा असतो. संकट टळले, हुश्श झाले, की तिथेच घसरतो. म्हणून आमच्याकडे चाल सुचली की ती आधी कागदावर लिहायची, पेन्सिल खाली ठेवायची, दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि पट समोरच्याच्या डोळ्यांनी पाहायचा. तो शह देईल का, काही मारेल का, आपण हलवतोय ती सोंगटी कुणाची पाठराखण तर करत नव्हती ना? मगच हात बाहेर. ही वही खोलीतच राहावी. कुणीही वाचावी, हसावे, पण लिहिणाऱ्याच्या तोंडावर हसू नये.

कलम ५. मुलीविषयी.

ती रक्तपेढीत काम करते. एकेका पिशवीवरचे लेबल तीनदा वाचते. आमच्या खोलीत तिच्या तोडीचे कुणी नव्हते. बाविसाव्या वर्षी क्लबांच्या सामन्यात शेवटचा निर्णायक डाव तिचा होता. तिने एक घोडा हलवला आणि त्याच्या मागचा वजीर उघडा पडला. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, "संपलं!" सगळ्या हॉलने ऐकले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. समोरच्याच्या उंटाने वजीर घेण्याआधीच तिने घड्याळ थांबवले आणि डाव सोडला. त्याला एकोणीस वर्षे झाली. ती रोज फोन करते, औषधे आणून देते, पण त्या खोलीचा जिना ती पुन्हा चढली नाही आणि मीही विषय काढला नाही.

गेल्या महिन्याच्या मसुद्यात मी लिहिले होते की, ही खोली मुलीस मिळावी, मात्र तिने पुन्हा खेळायला सुरुवात केली तरच. नाहीतर खोली विकावी. मला वाटले, काय नामी चाल सुचली! साक्षीदार म्हणून चष्मेवाल्याला वाचायला दिला.

तो म्हणाला, "पेन्सिल खाली ठेव."

"काय झालं?"

"हात मांडीखाली घाल. आता सांग, हे वाचून ती काय करेल?"

मी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"ती म्हणेल, बाबांनी जाताजाताही खुर्चीमागे उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. अरे, मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि तू तिच्याशी मृत्युपत्रातून बोलतोस?"

त्या दिवशी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेलो. ती कामावर निघायच्या गडबडीत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "त्या दिवशी मी ओरडायला नको होतं. चूक तुझी एका चालीची, माझी मोठी."

ती डबा भरत होती. बराच वेळ झाकण लागेना. मग म्हणाली, "संपलं नव्हतं, बाबा."

"काय?"

"डाव. उंटाने वजीर घेतला असता, तर त्याच्या राजाजवळचं घर मोकळं. मग माझ्या हत्तीचा शह, घोड्याचा शह, परत हत्तीचा. त्या शहांच्या फेऱ्यातून त्याला सुटका नव्हती. बरोबरी होती. मला घरी येताना बसमध्येच दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाविसाव्या वर्षी एकटीने हे पोटात ठेवून ती बसमधून घरी आली होती, आणि शेजारच्या सीटवर मी होतो.

मी म्हणालो, "खोली तुझ्या नावावर करतोय. अट काही नाही. खेळ, खेळू नकोस, कुलूप लाव. मी गेल्यावर तुझी."

"गेल्यावर कशाला? मला भांडायला कोण उरेल मग? द्यायची असेल तर आत्ता द्या. आणि एक सांगते, कुणाच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. ज्याला बघायचंय त्याने बाजूला स्टूल घेऊन बसायचं."

म्हणून या मृत्युपत्रात त्या खोलीची वाटणी नाही. ती आता माझी नाही. गेल्या सोमवारी मुलीच्या नावे बक्षीसपत्र नोंदवले.

कलम ६. काल, शनिवारी, ती जिना चढून आली. आम्ही समोरासमोर बसलो. चौदाव्या चालीला मी हत्ती फुकट घालवला. तिने तो घेतला, कागदावर चाल लिहिली आणि वाट बघत राहिली. मी पाणी प्यायलो, उरलेल्या सोंगट्या मोजल्या आणि खेळत राहिलो. माझी अवस्था वाईट आहे, पण संपलेले नाही. डाव अर्धा मांडलेला आहे. तो पुरा होईपर्यंत त्या पटाला कुणी हात लावू नये, धूळ झटकायलासुद्धा.

येणेप्रमाणे माझी इच्छा आहे. वाचून पाहिली, दोनदा. बरोबर आहे.

लिहून ठेवणार: (सही) कातारीकाका

आमच्यासमोर सही केली, ती करताना हात थरथरत नव्हता:
१. (सही) चष्मेवाला
२. (सही) डॉक्टरीणबाई

ठिकाण: लेथचे दुकान, खालचा मजला
दिनांक: रविवार, एकवीस सप्टेंबर